बागकाम व्यवसायातील सुरक्षितता: सुरुवात करारपत्रापासून करावी

पिंपरी-चिंचवड परिसरातील नऊ सोसायट्या आणि दोन कंपन्यांच्या आवारांतील बागांची देखभाल तुम्ही करता. तुमच्याकडे चौदा माणसे कामाला आहेत आणि त्यांत पाच स्त्रिया आहेत. मागील महिन्यात ब्रश कटरने (गवत कापण्याच्या यंत्राने) उडवलेला खडा एका कामगाराच्या डोळ्याखाली लागला. त्यानंतर तुम्ही सर्वांसाठी चष्मे, हातमोजे आणि हेल्मेट आणले, परंतु आठवडाभरात ते सारे साहित्य खोलीच्या कोपऱ्यात जाऊन पडले. हाताशी फार पैसा नसताना सुरक्षिततेची सुरुवात कोठून करावी, असे तुम्ही विचारले आहे. मी पुण्यात हाच व्यवसाय सव्वीस वर्षे करत आहे आणि या प्रश्नाचे उत्तर मला बरेच उशिरा उमगले, म्हणून ते विस्ताराने लिहितो.

माझ्या मते सुरुवात सोसायटीबरोबरच्या करारपत्रापासून करावी. साहित्याकडे मी पुढे येईनच, पण आमच्याकडे घडलेल्या अपघातांची नोंदवही मी उघडतो तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. खुरपणी, पाणी देणे, मेंदीची कापणी, कुंड्या बदलणे या रोजच्या कामांत माणसाला खरचटते, काटा लागतो, पाठ धरते. मात्र माणसाला रुग्णालयात दाखल करण्याची वेळ आली ती बहुतेक वेळा अशा कामामुळे, जे मुळात त्याचे नव्हतेच. "आलाच आहात तर तेवढे करून द्या" असे कोणीतरी सांगितलेले ते काम होते. पार्किंगवर लोंबणारी पामची वाळकी झावळी काढणे, गच्चीवरच्या टाकीची झडप बंद करणे, सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या टाकीतला पंप का अडकला ते पाहणे, जिन्यातल्या झुरळांवर फवारा मारणे, खांबावरच्या दिव्याभोवतीची वेल ओढून काढणे, अशी ही कामे असतात. माळी आवारात रोज दिसतो, त्याच्या हातात कोयता आणि शिडी असते आणि तो कोणालाही नाही म्हणत नाही, म्हणून ती त्याच्याकडे येतात.

२००९ साली आमचा एक माणूस अशाच एका झावळीसाठी चढला. शिडी पुरेना, म्हणून पहारेकऱ्याच्या टेबलावर शिडी उभी केली गेली. तो सुमारे बारा फुटांवरून खाली आला आणि त्याच्या दोन्ही टाचांची हाडे मोडली. पाच महिने त्याला उभे राहता आले नाही. रुग्णालयात मी त्याला विचारले, की तू चढलासच कशाला? तो म्हणाला, "साहेब, चेअरमन स्वतः सांगत होते, नाही कसं म्हणू? तुम्हीच सांगितलंय की सोसायटीवाल्यांना दुखवायचं नाही." ते खरे होते. प्रत्येक नव्या माणसाला मी तेच वाक्य पहिल्या दिवशी सांगत असे. माझ्याच सूचनेने तो त्या शिडीवर चढला होता, हे मला त्या दिवशी समजले आणि ते मी आजही विसरू शकलेलो नाही.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक करारपत्रात एक परिच्छेद असतो आणि तो मान्य नसेल तर आम्ही काम घेत नाही. त्याचा आशय असा: बागेची देखभाल म्हणजे पुढे लिहिलेली कामे, याखेरीज कोणतेही काम समितीचे सदस्य, व्यवस्थापक, पहारेकरी किंवा रहिवासी माळ्याला थेट सांगणार नाहीत, काम हवे असल्यास ते कंत्राटदाराला लेखी कळवतील, आणि जमिनीवर पाय ठेवून करता येत नाही असे काम, कोणत्याही टाकीत किंवा चेंबरमध्ये उतरण्याचे काम, विजेच्या जोडणीचे काम आणि घरात किंवा जिन्यात कीटकनाशक मारण्याचे काम माळी करणार नाही. हाच मजकूर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत एका कार्डावर छापून प्रत्येक माणसाच्या खिशात दिलेला असतो. कोणी आग्रह धरला तर त्याने कार्ड दाखवायचे आणि मला फोन लावायचा. वाद झाला तर तो माझ्याशी होईल, त्याच्याशी नाही.

या कार्डाचा उपयोग होण्यासाठी आणखी एक गोष्ट लागते आणि ती पैशांची आहे. अशा जादा कामाचे शंभर-दोनशे रुपये माळ्याच्या हातावर ठेवले जातात. ज्याचा महिना जेमतेम भागतो, त्याला ते सोडवत नाहीत आणि त्यासाठी त्याला दोष देणे मला पटत नाही. म्हणून आम्ही दर थोडा वाढवून मागितला आणि जादा काम नाकारल्याचा फोन ज्याचा येईल, त्याच्या पगारात त्या महिन्यात दोनशे रुपये जोडण्याची पद्धत सुरू केली. काही सोसायट्या स्वस्त दरवाल्याकडे गेल्या. त्या दरात कोणालाही माणसे सुरक्षित ठेवता येणार नाहीत, हे माझे ठाम मत आहे, आणि निविदा भरताना तुम्हीही हा हिशेब मांडावा, असे मी आग्रहाने सांगतो.

आता वरच्या यादीतील सर्वांत जीवघेणे काम कोणते, ते वेगळे सांगितले पाहिजे. पुण्यातील बहुतेक मोठ्या सोसायट्यांमध्ये बागेला सांडपाणी प्रक्रिया केंद्रातले पाणी दिले जाते. पाणी आले नाही की माळी त्या केंद्राकडे जातो आणि तेथे कोणी नसले तर झाकण उघडून स्वतःच आत डोकावतो. बंद टाकीत साचलेल्या मैलापाण्यातून हायड्रोजन सल्फाइड हा वायू तयार होतो. त्याला सुरुवातीला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, परंतु प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते आणि "आता वास येत नाही, उतरायला हरकत नाही" असे माणसाला वाटते. आत उतरलेला माणूस हाक मारण्याआधी कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि या प्रकारच्या दुर्घटनांत वाचवायला गेलेल्यांचेही प्राण जातात, हे आपण वर्तमानपत्रांत वारंवार वाचतो. तोंडाला ओला रुमाल बांधल्याने काहीही साध्य होत नाही. २०१३ च्या केंद्रीय कायद्याने सुरक्षासाधनांविना गटार किंवा सेप्टिक टाकी साफ करायला माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. तुमच्या माणसांना मात्र कायद्याचे कलम सांगू नका. आत कोणी पडलेला दिसला तरी उतरायचे नाही, आरडाओरडा करून लोक गोळा करायचे आणि १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला बोलवायचे, एवढेच पुन्हा पुन्हा सांगा आणि तसे वदवून घ्या. आपल्या सोबत्याला डोळ्यांदेखत पडलेले पाहून न उतरणे फार कठीण असते. ते आधी शंभर वेळा सांगितलेले असेल तरच त्या क्षणी आठवते.

झाडांच्या बाबतीत आमचा नियम पाय जमिनीवर असेपर्यंतचा आहे. लांब दांड्याच्या करवतीने जेवढे पोहोचते तेवढे माळी करील आणि त्यापुढचे काम दोर, कमरपट्टे आणि प्रशिक्षण असलेल्या वृक्षछाटणी पथकाकडे जाईल. गुलमोहर आणि रेन ट्री यांचे लाकूड ठिसूळ असते आणि वरून हिरवी दिसणारी फांदी आतून पोखरलेली असू शकते. रॉयल पामची झावळी तिच्या पानाच्या खोळीसकट सुटते तेव्हा ती बरीच वजनदार असते, म्हणून वाऱ्याच्या दिवशी तिच्याखाली खुरपणीला कोणालाही बसवू नये. महानगरपालिका हद्दीत झाड तोडायला किंवा मोठी छाटणी करायला १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. घाईने आलेले काम पुढे ढकलण्यासाठी ही परवानगी आम्हाला अनेकदा उपयोगी पडली आहे, कारण ती येईपर्यंत पथक ठरवायला वेळ मिळतो. दांडा ॲल्युमिनियमचा असेल तर उच्चदाबाच्या तारांच्या आसपास तो उचलायचाच नाही. तारेला स्पर्श व्हावा लागतो असे नाही, पुरेसे जवळ गेले तरी वीज उडी घेते. आणि इमारतीच्या सज्जाखाली किंवा उंच फांदीवर आग्या मोहोळ असेल तर त्या बाजूला यंत्रच सुरू करू नका. या माश्या आवाजाने आणि धुराने चवताळतात आणि माणसाचा दूरवर पाठलाग करतात. हल्ला झालाच तर तोंड झाकून, हात न झटकता बंद खोलीत किंवा गाडीत शिरायचे असते.

आता तुमच्या कोपऱ्यात पडलेल्या साहित्याविषयी. माणसे ते वापरत नाहीत याला आळस किंवा बेफिकिरी हे कारण क्वचितच असते. प्लास्टिकचा बंद चष्मा घामाने पाच मिनिटांत धुरकटतो आणि पुढचे दिसेनासे होते, म्हणजे तो घालून यंत्र चालवणे अधिक धोक्याचे होते. रबरी हातमोज्यात हात उकडतो आणि सिकेटरची (छाटणीच्या कात्रीची) पकड सुटते. गमबूट सातच्या मापाचे येतात, तर खुरपणीच्या बाईचा पाय चारचा असतो. आम्ही पुढे एक पद्धत धरली: कोणतीही वस्तू सर्वांसाठी घेण्याआधी तिचे तीन वेगवेगळे नमुने आणायचे, तिघांना आठवडाभर वापरायला द्यायचे आणि त्यांनी निवडलेला प्रकार घ्यायचा. ब्रश कटरसाठी माणसांनी जाळीचा चेहरापट्टा निवडला, कारण त्यातून वारा येतो. जाळीतून बारीक धूळ आणि गवताचा रस आत येतो, म्हणून आत साधा चष्मा घालायला सांगतो आणि मोकळी हवा असल्याने तो धुरकटत नाही. छाटणीसाठी तळहाताला लेप दिलेले कापडी मोजे चालले. बोगनवेल आणि गुलाबासाठी मात्र कोपरापर्यंतचे चामडी मोजेच लागतात. प्रत्येक वस्तूवर वापरणाऱ्याचे नाव लिहा, कारण दुसऱ्याचा घामट चष्मा कोणालाही नको असतो. आणि मुकादमाने साहित्य न घालता यंत्राला हात लावला तर बाकीचे कोणीही घालणार नाही, हे गृहीत धरा.

ब्रश कटरवर थोडे अधिक लिहितो, कारण तुमच्याकडचा अपघात त्यानेच झाला आणि आपल्या व्यवसायात रोज वापरले जाणारे सर्वांत धोकादायक यंत्र तेच आहे. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत पंधरा मीटरच्या आत दुसरे कोणी नसावे असे लिहिलेले असते, आणि सोसायटीच्या आवारात ते अंतर राखणे अवघड असते हे मी जाणतो. म्हणून आमच्याकडे कापणीच्या दिवशी दोन माणसे असतात. एक यंत्र चालवतो आणि दुसरा केवळ येणाऱ्या-जाणाऱ्यांवर, विशेषतः मुलांवर, लक्ष ठेवतो. कोणी जवळ आले की तो चालवणाऱ्याला समोरून खूण करतो. मागून खांद्याला हात लावायचा नाही, कारण माणूस वळतो तेव्हा पातेही त्याच्यासोबत वळते. कापणीआधी ती पट्टी पायी फिरून खडे, तारा, बाटल्यांची झाकणे आणि ठिबकचे तुटके तुकडे वेचायचे. या वेचणीला अर्धा तास जातो आणि तो वेळ करारातल्या मजुरीत धरलेला असावा. भिंतीलगत आणि गाड्यांजवळ धातूचे पाते न लावता नायलॉनची दोरी लावावी. दोरीनेही खडा उडतोच, पण पात्यासारखा भिंतीला आपटून मागे फेकला जाण्याचा प्रकार कमी होतो. गवत अडकते म्हणून पात्यावरचे संरक्षक आवरण काढून टाकण्याची सवय फार पसरलेली आहे. ज्या यंत्राचे आवरण काढलेले दिसेल ते यंत्र त्या दिवशी बंद, असा आमच्याकडे नियम आहे. अडकलेले गवत काढायचे तर इंजिन बंद करूनच. पेट्रोल भरताना इंजिन गार होऊ द्यावे, आणि ऑइल मिसळलेले पेट्रोल शीतपेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नये. तहानलेल्या माणसाने ते तोंडाला लावलेले मी पाहिले आहे. सलग एक तासाने माणूस बदलावा. दोन स्ट्रोकच्या इंजिनाचा आवाज आठ तासांसाठी मानल्या गेलेल्या पंच्याऐंशी डेसिबलच्या मर्यादेच्या बराच वर असतो, आणि कंपनांमुळे काही वर्षांनी बोटांना मुंग्या येऊन ती बधिर होऊ लागतात. कानातील बोळे ही आपल्या साहित्यातील सर्वांत स्वस्त वस्तू आहे आणि तीच सर्वांत कमी विकत घेतली जाते.

कीटकनाशकांविषयी बोलताना मला २०१७ साल आठवते. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात होते. बागेतले प्रमाण त्या मानाने लहान असते, पण पाठीवरचा पंप तोच, औषधे बहुतांशी तीच, आणि अंगावर शर्ट-लुंगीही तीच. जासवंदीवर पिठ्या ढेकूण ही कीड दिसली की रहिवासी "काहीतरी जोरदार मारा" असे सांगतात. आधी जोराच्या पाण्याने धुणे, साबणाचे पाणी, निंबोळी तेल, बाधित फांद्या कापून नष्ट करणे, हे उपाय थोड्या चिकाटीने केले तर बहुतेक शोभेच्या झाडांचे भागते. रसायन वापरावेच लागले तर डब्यावरील रंगीत त्रिकोण माणसाला ओळखता आला पाहिजे: लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अतिविषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे कमी. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनाही हे चार रंग दहा मिनिटांत शिकवता येतात. आमच्या खोलीत लाल त्रिकोणाचा डबा येत नाही. पिवळा डबा मुकादमाच्या कुलपात असतो आणि त्याची नोंद ठेवली जाते. तणनाशक ग्लायफोसेटविषयी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. त्यामुळे पदपथाच्या फटींतले गवत मारण्यासाठी माळ्याच्या हाती ते देणे टाळावे आणि त्या फटी खुरप्यानेच साफ कराव्यात.

फवारणी करणाऱ्याने तोंडाला बांधलेला रुमाल औषधाने भिजतो आणि ते विष तासभर नाकाशी धरून ठेवतो. धुळीचा मास्क कण अडवतो, वाफ अडवत नाही, म्हणून कार्ट्रिज असलेला मास्क घ्यावा. तो फक्त फवारणी करणाऱ्या दोन माणसांना लागतो, चौदांना नाही. सकाळी लवकर, वारा पाठीशी ठेवून काम करावे, अडकलेला नोझल तोंडाने फुंकू नये, आणि काम संपल्यावर साबणाने अंघोळ करून कपडे वेगळे धुवावेत. या अंघोळीची सोय कामाच्या जागी नसेल तर त्या जागी फवारणी करू नये, इतके मी याला महत्त्व देतो. ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकाची बाधा झालेल्या माणसाच्या तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी येते, दरदरून घाम येतो, बाहुल्या बारीक होतात, मळमळते, श्वास जड होतो. उन्हाचा त्रास समजून त्याला सावलीत निजवून ठेवण्यात वेळ जातो. त्याला रुग्णालयात नेताना औषधाचा डबा बरोबर न्यावा, कारण लेबलवर उताऱ्याचे नाव असते आणि डॉक्टरांचे अंदाज बांधण्यात वेळ जात नाही.

तुमच्याकडे पाच स्त्रिया आहेत, म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो, जी मला आमच्याकडच्या एका मावशींनी कामाला लागल्यानंतर चार वर्षांनी सांगितली. अनेक सोसायट्यांमध्ये खुरपणीच्या बायकांना स्वच्छतागृह वापरू दिले जात नाही. पहारेकऱ्यांसाठी असलेले एकमेव स्वच्छतागृह पुरुषांचे असते आणि त्याला कडीही नसते. त्यामुळे बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचे तापमान चाळीस अंशांच्या आसपास जाते, फरशीवरचा उकाडा त्याहून अधिक असतो, आणि उपाशीपोटी पाण्याविना सहा तास उकिडवे बसलेल्या बाईला चक्कर येते तेव्हा आपण म्हणतो की ऊन लागले. त्या मावशींना वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग होत होता आणि त्या तो निमूट सोसत होत्या. तेव्हापासून कडी असलेले स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी या दोन अटी आम्ही करारपत्रात लिहितो आणि काम सुरू करण्याआधी मी किंवा माझी पत्नी स्वतः जाऊन ती जागा पाहते. उन्हाळ्यात कामाची वेळ सकाळी सहा ते अकरा आणि दुपारी साडेचारनंतर ठेवावी. गावाहून नव्याने आलेल्या माणसाला पहिला आठवडा अर्धेच काम द्यावे, कारण शरीराला उन्हाची सवय व्हायला तेवढे दिवस लागतात. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण मिसळायची असते. अर्ध्या बाटलीत घातलेली पुडी उपयोगापेक्षा त्रासच देते. बोलण्यात असंबद्धता आली, अंग तापले, माणूस गळून पडला, तर तो उष्माघात समजावा, अंगावर पाणी ओतत, वारा घालत १०८ ला फोन करावा. साडीवर बायका जो पुरुषी शर्ट घालतात तो चांगलाच आहे. फक्त लॉनच्या यंत्राजवळ पदर खोचलेला असावा.

साप दिसणार हे आपल्या धंद्यात धरूनच चालावे. पालापाचोळ्याच्या ढिगात घोणस असते, कोकणात अलिबाग-मुरूडकडच्या बंगल्यांची कामे घेतलीत तर दगडांखाली फुरसे असते, आणि नर्सरीच्या खोलीत जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला रात्री मण्यार चावते. मण्यारीच्या दंशाला सूज येत नाही आणि वेदनाही फारशी होत नाही, म्हणून माणूस पुन्हा झोपी जातो आणि पहाटेपर्यंत त्याचा श्वास बंद पडू लागतो. नर्सरीत राहणाऱ्या प्रत्येकाला खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी द्या. माझ्या मते तुमच्या संपूर्ण खर्चात इतक्या कमी पैशांत जीव वाचवणारी दुसरी वस्तू नाही. पाचोळा हाताने न उचलता दाताळ्याने ओढावा. दंश झाला तर दोरी आवळणे, कापणे, चोखणे यांतले काहीही करू नये. अंगठी, बांगड्या, जोडवी काढावीत, तो अवयव फळीला बांधून हलू न देता माणसाला थेट सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर तीच लस चालते, त्यामुळे साप मारून किंवा पकडून नेण्याची गरज नसते. लाल विंचवाचा दंशही कोकणात जीवघेणा ठरत असे. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्रॅझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून ते चित्र पालटले, पण औषध वेळेवर मिळायला माणूस वेळेवर पोहोचावा लागतो.

बाकीचे थोडक्यात. विजेच्या कोणत्याही यंत्राची वायर काडीने सॉकेटमध्ये खोचू देऊ नका. तीन पिनांचा प्लग आणि वीजगळती होताच प्रवाह तोडणारा तीस मिलिअँपिअरचा स्विच असलेला एक्स्टेन्शन बोर्ड स्वतः घेऊन जा, सोसायटीच्या जोडणीवर विसंबू नका, आणि ओल्या लॉनवर विजेचे यंत्र नकोच. खड्डा खणण्याआधी गॅसवाहिनी आणि केबल कोठून जातात ते समितीला लेखी विचारा. माणसाच्या छातीएवढ्या किंवा त्याहून खोल चरात आधार दिल्याशिवाय कोणाला उतरवू नका, कारण पावसाळ्यात काळी माती पूर्वसूचना न देता ढासळते. धनुर्वाताची लस सर्वांना द्या, शेणखतात हात घालणाऱ्यांना तर नक्कीच. गाजर गवताने ज्याची त्वचा एकदा चिडली, त्याला ते काम पुन्हा देऊ नका, कारण ती ॲलर्जी वर्षागणिक वाढत जाते. हे तण आपल्या देशात पहिल्यांदा नोंदले गेले ते १९५० च्या दशकात पुण्यातच, आणि आपल्या माळ्यांनी ते इतरांच्या आधीपासून सोसले आहे. कण्हेर, रुई आणि निवडुंगाच्या जातींचा चीक डोळ्यांत गेला तर पंधरा मिनिटे पाण्याने धुऊन मगच डॉक्टरांकडे न्यावे.

विम्याची चौकशी याच आठवड्यात करा. चौदा माणसे असल्याने कर्मचारी राज्य विमा योजना तुम्हाला लागू होते का, हे कामगार सल्लागाराकडून तपासून घ्या. महिना एकवीस हजारांपर्यंत वेतन असलेले कर्मचारी तिच्यात येतात, मालकाचा वाटा वेतनाच्या सव्वातीन टक्के असतो आणि कामावरील दुखापतीचे संरक्षण पहिल्या दिवसापासून मिळते. ती लागू नसेल तर कामगार भरपाईची स्वतंत्र पॉलिसी घ्या आणि अर्जात कामाचे स्वरूप खरे लिहा. "बागकाम" एवढेच लिहून वृक्षछाटणी लपवली तर दावा अडकतो. भरपाईच्या कायद्याची एक बाजू मालकांना ठाऊक नसते: मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले तर कामगाराचीच चूक होती हा बचाव टिकत नाही. म्हणजे चेअरमनच्या सांगण्यावरून माणूस चढला तरी जबाबदारी तुमच्याच दारात येते. नवी बाग उभारण्याची कामे करणाऱ्या माणसांची नोंद महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात होते का, तेही पाहा. वर्षात नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला लागतो आणि तो देणे हे तुमच्या हातात आहे.

शेवटची सूचना नोंदवहीची. अपघात झाल्यावर लिहिण्यापेक्षा, थोडक्यात वाचलो असे जे प्रसंग घडतात ते लिहा. शिडी सरकली पण कोणी पडले नाही, खडा उडाला आणि काच फुटली, साप दिसला, कोणीतरी टाकीत उतरायला सांगितले. दर शनिवारी पगाराच्या वेळी पंधरा मिनिटे बसून ते वाचून दाखवा आणि ज्याने प्रसंग सांगितला त्याला कोणीही रागावू नये, ही काळजी घ्या. पहिले दोन महिने कोणी काही सांगणार नाही. आमच्याकडे पहिली नोंद टाचा मोडलेल्या त्याच माणसाने सांगितली होती. तो आता आमच्याकडे नर्सरीत कलमे बांधतो, आणि नव्या माणसाला खिशातले कार्ड वाचून दाखवण्याचे काम त्याने स्वतःहून मागून घेतले आहे.